जुने नकाशे, तक्ते, कित्ते: शाळेच्या संग्रहाचं डिजिटायझेशन कसं करावं

शंभरी ओलांडलेल्या कितीतरी मराठी शाळांत कपाटावर नकाशांच्या गुंडाळ्या पडून असतात. 'वापरात नाही' असा शेरा पडला की निर्लेखन होतं, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी होतं, आणि वस्तू भंगारात जाते. तुमच्या शाळेने संग्रहालयासाठी एक खोली राखली असेल, तर अर्धी लढाई जिंकलात. उरलेली अशी.

सुरुवात कॅमेऱ्याने नको, डेडस्टॉक रजिस्टरने (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीने) करा. वस्तू कधी घेतली, कितीला घेतली, हे तिथे एका ओळीत सापडतं. मग प्रत्येक वस्तूच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने नवा क्रमांक घाला आणि वहीत त्याच्यासमोर जुना डेडस्टॉक क्रमांक लिहा. धूळ मऊ ब्रशने मधून कडेकडे काढा. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, लॅमिनेशनचा तर विचारही नको.

गुंडाळीचा नकाशा घाईने उघडू नका. जुनं व्हार्निश कडक झालेलं असतं. मी एकदा घाई केली आणि कोकण किनाऱ्याचा पापुद्रा हातात आला. ते नुकसान भरून येत नाही. थोडा थोडा उलगडा, कडांवर वाळूच्या कापडी पिशव्या ठेवा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या.

फोटोसाठी फ्लॅश बंद ठेवा. दोन बाजूंना दोन सारखे दिवे ४५ अंशांत लावा, म्हणजे व्हार्निश चमकत नाही. कॅमेरा स्टँडवर, नकाशाला अगदी समांतर हवा. चौकटीत मोजपट्टी आणि रंगपट्टी (रंग ताडून पाहण्याची छापील पट्टी) ठेवा. मूळ आकाराला दर इंचाला किमान ३०० पिक्सेल मिळाले पाहिजेत. ४० बाय ३० इंचांच्या नकाशाला याचा अर्थ १२,००० बाय ९,००० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एका वेळी साधारण २० बाय १३ इंचच मावतात. म्हणून शेजारचे तुकडे एकमेकांवर ३० टक्के येतील अशा बेताने नऊ फोटो काढून संगणकावर जोडा. मूळ प्रत टिफ या, दर्जा न घटवणाऱ्या, फाइल प्रकारात ठेवा, लोकांना दाखवायला जेपेग करा. कित्ते, अंकलिप्या स्कॅनरवर दाबून सपाट करू नका. वही जेवढी सहज उघडते तेवढीच उघडून वरून फोटो घ्या.

आणि मागची बाजू. तिचा फोटो हमखास राहून जातो. कापडाचं ठिगळ, गुरुजींनी पेन्सिलीने लिहिलेली तारीख, शाळेचा शिक्का, सगळं तिथेच असतं. पुढच्या बाजूलाही जवळून पाहा: जिथे आपलं गाव, तिथला कागद छडीच्या टोकाने झिजून पांढरा झालेला दिसेल. त्या डागाचा वेगळा फोटो काढा, संगणकावर तो 'दुरुस्त' करू नका. नकाशा कसा शिकवला जायचा, हे तोच सांगतो.

नकाशावर साल नसेल तर सीमा वाचा. सिंध मुंबई इलाख्यात असेल, तर सीमा १९३६ पूर्वीच्या. गुजरात आणि विदर्भ दोन्ही एकाच मुंबई राज्यात असतील, तर नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६० मधल्या. गणिताच्या तक्त्यावर फक्त आणे-पै असतील, तर तो बहुधा १९५७ च्या दशमान नाण्यांआधीचा. असा अंदाज लिहिताना 'अंदाजे' हा शब्द आणि कारण, दोन्ही नोंदवा.

नोंदीत लोक शोधतील तेच शब्द वापरा: पावकी, निमकी, अडीचकी (अपूर्णांकांचे जुने पाढे). 'गणितीय शैक्षणिक साधन' कुणी शोधत नाही. मोडीतला मजकूर देवनागरीत उतरवून द्या. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, वस्तूच्या क्रमांकाने सुरू करा.

तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर.

इंटरनेटवर टाकण्याआधी हक्क तपासा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, तर सरकारी प्रकाशनाला प्रकाशनापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. दोन्ही मुदती पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. जनरल रजिस्टरमध्ये (शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवहीत) मुलांच्या जाती आणि जन्मतारखा असतात. ते स्कॅन करा, पण खुलं करू नका.

शेवटी औटकीचा तक्ता घेऊन गावातल्या ऐंशीच्या घरातल्या एखाद्या आजी-आजोबांकडे जा. साडेतीनचा तो पाढा ते ज्या चालीत म्हणतात, त्या चालीत रेकॉर्ड करा आणि ती फाइल तक्त्याच्याच क्रमांकाने जपून ठेवा.