सी मध्ये सॉकेट कनेक्शन कसं उभं करायचं

पायथनमध्ये दोन ओळीत होणारं काम सी मध्ये वीस-पंचवीस ओळी का खातं, असा प्रश्न सॉकेटला, म्हणजे दोन प्रोग्राम नेटवर्कवरून ज्यातून बोलतात त्या टोकाला, पहिल्यांदा हात लावणाऱ्या प्रत्येकाला पडतो. सी तुमच्या वतीने काहीही ठरवत नाही हे त्याचं उत्तर. प्रत्येक पायरीला वेगळं फंक्शन, प्रत्येक फंक्शन एक आकडा परत देतं, आणि तो आकडा तुम्ही वाचला नाही तर प्रोग्राम स्वतःहून तोंड उघडणार नाही. खालचं सगळं लिनक्स आणि जीलिबसी (त्यावरची सी ची नेहमीची लायब्ररी) धरून आहे, फंक्शनची नावं आपण बोलतो तशीच लिहिलीत, कोणत्या हेडर फाइल लागतात ते प्रत्येकाच्या मॅन पेजवर (टर्मिनलवरच वाचता येणारी माहिती) वरतीच दिलेलं असतं.

आधी सर्व्हर, म्हणजे कनेक्शनची वाट बघत बसणारा प्रोग्राम. पहिली हाक सॉकेट या फंक्शनला. तिला तीन गोष्टी द्यायच्या: एएफ_आयनेट म्हणजे आयपीव्ही४, सॉक_स्ट्रीम म्हणजे टीसीपी, आणि शेवटी शून्य. परत जो आकडा येतो तो प्रिंट करून बघाच, बहुतेक वेळा ३ दिसेल. तीनच का, तर ०, १, २ हे इनपुट, आउटपुट आणि एररने आधीच अडवलेले असतात आणि लिनक्सच्या हिशोबात सॉकेट हा उघडलेल्या फाइलसारखाच एक नंबर. उणे एक आला तर काहीतरी बिघडलंय, मग पी-एरर बोलवा, ते कारण छापून देतं.

दुसरी हाक बाइंड, म्हणजे या सॉकेटला पत्ता चिकटवणं. सॉकअ‍ॅडर_इन नावाचं स्ट्रक्चर आधी मेमसेटने शून्य करून घ्या, मग त्यात फॅमिली (तेच एएफ_आयनेट), पोर्ट (मशीनवरच्या कुठल्या प्रोग्रामशी बोलायचं त्याचा नंबर) आणि आयपी भरा, आणि बाइंडला देताना त्याचा पॉइंटर सॉकअ‍ॅडरमध्ये कास्ट करा. हे कास्टिंग विचित्र वाटतं खरं, पण हा एपीआय १९८३ च्या ४.२ बीएसडीमधला आहे, सी चं अन्सी स्टँडर्ड यायच्या आधीचा, तेव्हा कुठल्याही टाइपला चालणारा व्हॉइड पॉइंटर सर्रास वापरात नव्हता. आयपीच्या जागी १२७.०.०.१ टाकलं तर फक्त त्याच मशीनवरून जोडता येईल, बाहेरच्यांनाही येऊ द्यायचं असेल तर आयएनअ‍ॅडर_एनी.

पोर्ट भरताना मात्र थांबा, तो एच-टॉन्समधून (मशीनचा बाइट-क्रम नेटवर्कच्या क्रमात बदलणारं फंक्शन) काढूनच भरायचा. मी पहिल्यांदा हे विसरलो होतो, बाइंडने शून्य दिला, लिसनने शून्य दिला, म्हणजे सगळं आलबेल, आणि क्लायंट आपला कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणतोय. तासभर फायरवॉलला शिव्या घातल्या. शेवटी टर्मिनलवर एसएस -एलटीएन चालवलं तर ऐकणाऱ्या पोर्टच्या यादीत ८०८० कुठेच नाही, तिथे ३६८९५ बसलेला! झालं असं की ८०८० हा आकडा दोन बाइटमध्ये ३१ आणि १४४ असा मावतो. नेटवर्कला मोठा बाइट आधी लागतो, आपल्या इंटेल-एएमडी मशीनवर छोटा आधी असतो, त्यामुळे ३१ गुणिले २५६ अधिक १४४ चं १४४ गुणिले २५६ अधिक ३१ झालं. बाइंड खोटं बोलला नव्हता, मी सांगितलेल्या पोर्टवर तो इमानदारीत बसला होता.

बाइंडच्या आधी अजून एक काम करून टाका, सेट-सॉक-ऑप्टने एसओ_रियूझअ‍ॅडर चालू करा. नाहीतर सर्व्हर बंद करून लगेच परत चालवला की "अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज" येतं, कारण जी बाजू आधी कनेक्शन बंद करते तिच्याकडे ते टाइम-वेट अवस्थेत पडून राहतं, लिनक्सवर ६० सेकंद. आणि १०२४ च्या खालचे पोर्ट रूटशिवाय सहसा मिळत नाहीत, सरावाला ते घेऊच नका.

मग लिसन आणि अ‍ॅक्सेप्ट. इथे बरेच जण गोंधळतात. दवाखान्याच्या दाराशी बसलेला कंपाउंडर डोळ्यासमोर आणा. लिसन म्हणजे त्याने बाहेर बाकडं टाकलं, बॅकलॉगचा आकडा म्हणजे बाकावर किती जण मावतील ते. अ‍ॅक्सेप्ट म्हणजे "पुढचे या", आणि आत गेलेल्या पेशंटशी जे बोलायचं ते आतल्या खोलीत, कंपाउंडर दारातच. म्हणून अ‍ॅक्सेप्ट दरवेळी नवीन नंबर देतं, ३ दारात आणि ४ आतल्या खोलीत. सेंड-रिसिव्ह ४ वर करायचं, ३ वर केलं तर चालत नाही. काम झालं की ४ क्लोज करायला विसरू नका, विसरलात तर नंबर वाढत जातात आणि एक दिवस "टू मेनी ओपन फाइल्स" येतं.

क्लायंट त्या मानाने सोपा, सॉकेट आणि कनेक्ट, बास. पत्ता हाताने भरण्यापेक्षा गेट-अ‍ॅडर-इन्फो वापरा, ते नावावरून पत्त्यांची यादी काढून देतं आणि पोर्टची बाइट-उलटापालटही तेच करतं. यादी म्हटलं कारण लोकलहोस्टला सुद्धा दोन पत्ते येऊ शकतात, आधी आयपीव्ही६ चा आणि मग आयपीव्ही४ चा. तुमचा सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर ऐकत असेल तर पहिल्यावर नकार येणार, तेव्हा लूप लावून प्रत्येकावर कनेक्ट करून बघा आणि शेवटी यादी मोकळी करायला फ्री-अ‍ॅडर-इन्फो. गेट-अ‍ॅडर-इन्फोचा एरर पी-एररने कळत नाही हां, त्यासाठी गाय-स्ट्र-एरर वेगळं आहे.

आता पाठवणं-घेणं. टीसीपीला तुमचा "मेसेज" माहीतच नसतो. गच्चीवरच्या टाकीत दोन बादल्या ओतल्या आणि खाली नळाला तांब्या लावला, तर तांब्यातलं पाणी कुठल्या बादलीचं हे कोण सांगणार, तसंच. एकदा सेंड केलेलं दोन रिसिव्हमध्ये येईल किंवा दोनदा पाठवलेलं एकात. सेंडचा आकडा तुम्ही दिलेल्यापेक्षा कमी आला तर उरलेलं परत पाठवा. रिसिव्हने शून्य दिला म्हणजे समोरच्याने बंद केलं, उणे एक म्हणजे एरर. रिसिव्ह शेवटचा नल कॅरेक्टर लावून देत नाही, तो तुम्ही लावा, बफरमध्ये एक जागा सोडून. आणि समोरचा निघून गेल्यावर सेंड केलंत तर सिगपाइप नावाचा सिग्नल येऊन अख्खा प्रोग्राम मरतो, म्हणून सेंडला एमएसजी_नोसिग्नल द्या.

तपासायला स्वतःच्या क्लायंटची वाट बघू नका, सर्व्हर चालू करून दुसऱ्या टर्मिनलवरून एनसी ने (नेटकॅट, टाइप केलेलं सरळ सॉकेटवर पाठवणारा तयार प्रोग्राम) जोडा आणि "नमस्कार" टाइप करून एंटर मारा. रिसिव्ह २२ सांगेल, कारण यूटीएफ-८ मध्ये सात कोडपॉइंट प्रत्येकी तीन बाइट, वर एंटरचा एक. आता रिसिव्हला फक्त २० बाइट मागा आणि प्रत्येक तुकडा आकड्यासकट वेगळ्या ओळीत छापा. पहिल्या ओळीत २० आणि "नमस्का" च्या पुढे एक तुटका ठिपका, दुसऱ्या ओळीत २, र चा राहिलेला एक बाइट आणि एंटर.