जुना ट्रम्पेट ओळखताना या चुका टाळा, आणि आधी ते बफ मारणं (मशीनवर घासून चमकवणं) थांबवा

खान्देशात बँड नाही असं गाव शोधावं लागतं, आणि जिथं बँड तिथं कोणाच्या तरी माळ्यावर आजोबांचा ट्रम्पेट असतोच. लग्नसराई संपली की पोरं असली वाद्यं घेऊन माझ्याकडे येतात, वाद्य अजून पिशवीतच असतं आणि पहिला प्रश्न, "काका, कितला येतीन?" अरे भाऊ, आधी बघू तर दे.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे दाखवायला आणायच्या आधी चमकवणं. मागच्या वर्षी चोपड्याकडचा एक मुलगा आला, भांडी पॉलिश करणाऱ्याकडून ट्रम्पेट आरशासारखा करून आणलेला. विचारलं, भोंग्यावर काही कोरलेलं होतं का? म्हणे हो, वेलबुट्टी होती, इंग्रजीत काहीतरी होतं, काळं पडलं होतं म्हणून काढायला सांगितलं. मला खरंच पोटात कालवलं. मग खोलीत अंधार केला, टॉर्च भोंग्यावर आडवी धरली आणि आरशावर टाकतो तशी तोंडाची वाफ टाकली, तर क्षणभर "अँड सन" आणि खाली "डेन्मन स्ट्रीट" दिसलं. पत्त्यावरून कळलं की लंडनचे हॉक्स अँड सन. ही कंपनी १९३० मध्ये बूझी कंपनीत मिळाली आणि बूझी अँड हॉक्स झाली, म्हणजे वाद्य त्याच्या आधीचं. पण मधल्या पिस्टनच्या (बोटानं दाबायच्या खटक्याच्या) नळीवरचा नंबर अर्धा घासून गेलेला, त्यामुळे नेमकं साल लागलं नाही ते नाहीच, आणि भोंग्याचं वळण इतकं पातळ झालं होतं की अंगठ्यानं दाबलं तर हलत होतं. मी स्वतः फक्त कोमट पाणी, थोडा साबण आणि जुनं सुती फडकं वापरतो. चिंच नाही, लिंबू नाही, भांड्याची पावडर तर नाहीच.

याच हिशोबानं, "बूझी अँड हॉक्स" कोरलेला ट्रम्पेट कोणी १८८० चा म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. भोंग्यावरची सालं पण पुष्कळदा पदकांची नाहीतर पेटंटची असतात, वाद्य त्यानंतरचं असतं. बेसन नावाच्या कंपनीच्या वाद्यावर "प्रोटोटाइप" दिसलं की लोक नाचतात, एकुलता एक नमुना सापडला म्हणून. तसं नाही, ते त्यांच्या साच्यावरून वाद्य घडवायच्या पद्धतीचं नाव, हजारो वाद्यांवर आहे. "ब्रेव्हेटे" म्हणजे फ्रेंचमध्ये पेटंट घेतलेलं, मॉडेल नव्हे.

नाव वाचून थांबू नका, घडण बघा. सेल्मर, कॉन, किंग, बाख ही सगळी ट्रम्पेट बनवणाऱ्यांची नावं. सेल्मरच्या बॅलन्स्ड मॉडेलमध्ये पिस्टन भोंग्याकडे पुढे सरकवलेले असतात, जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग वाजवायचा तो हाच घाट. कॉनच्या कॉप्रिऑनचा भोंगा विजेच्या प्रक्रियेनं तांबं चढवून बनवलेला, त्याला जोडाची रेघच नसते. किंगच्या सिल्व्हर सॉनिकचा भोंगा अख्खा चांदीचा असतो, मुलामा नसतो. बाखवर पत्ता वाचा: आधी न्यूयॉर्क, १९५३ पासून माउंट व्हर्नन, १९६० च्या दशकात एल्कहार्ट, आणि भाव त्यावर ठरतो. बोअर, म्हणजे नळीची आतली रुंदी, भोंग्याच्या तोंडाशी मोजायचा नसतो, मधल्या पिस्टनच्या स्लाइडच्या (ओढून बाहेर काढता येणाऱ्या नळीच्या) आतल्या नळीत व्हर्नियर (बारीक मापाचं कॅलिपर) घालायचा. कॉन कॉन्स्टेलेशन ३८बी ११.१३ मिमी, बाखचा एमएल (मीडियम लार्ज) ११.६६, अर्ध्या मिलिमीटरचा खेळ आहे, शाळेच्या पट्टीनं होत नाही.

कॉर्नेटमध्ये (ट्रम्पेटसारखंच, पण आटोपशीर वाद्य) ट्रम्पेटचा माउथपीस ठोकू नका. कॉर्नेटच्या माउथपीसची दांडी बारीक असते.

आता सुराच्या पट्टीचं, कारण यात पैसे बुडतात. पारोळ्याच्या एका बँड पार्टीनं जुना इंग्लिश ट्रम्पेट घेतला, वाद्य सुंदर, पण हळदीच्या कार्यक्रमात कीबोर्डबरोबर सुरात लागेचना. मेकॅनिकनं पिस्टन बदलले, झाळकाम केलं, पैसे घेतले, आणि सूर होता तिथंच. माझ्याकडे आल्यावर मी काहीच न दाबता फुंकून बघितला. बी फ्लॅट ट्रम्पेट उघडा फुंकला की काळी पाच लागली पाहिजे, हा लागला काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध. म्हणजे जुनी उंच पट्टी, आजच्या ४४० हर्ट्झऐवजी ४५२.५, जवळजवळ पाव सूर चढा. इंग्रज फौजेचे बँड १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत यात वाजवायचे. पण चढा आहे म्हणजे शंभर वर्षांचा असंही धरू नका, तिकडचे ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत त्याच पट्टीत होते. अमेरिकन वाद्यांवर कधी नुसतं एच किंवा एल असतं, एच म्हणजे उंच पट्टी, एल म्हणजे उतरती. खाली आणायला मुख्य स्लाइड साधारण दोन सेंटीमीटर ओढावी लागते, आणि त्या मानानं तिन्ही पिस्टनच्या स्लाइड पण, नाहीतर दाबलेले सूर चढेच राहतात.

अशा पुष्कळ वाद्यांबरोबर उतरत्या पट्टीची लांब स्लाइड वेगळी यायची, पेटीतल्या कप्प्यात. म्हणून मी विचारलं, पेटी कुठंय? म्हणे वाळवी लागली होती दादा, भंगारवाल्याला देऊन टाकली, आत एक वाकडी नळी होती तीपण.