भिंतीतून स्पीकरची वायर न्यायची? आधी पाइपाचे बेंड मोजा

होम थिएटर आणि म्युझिक सिस्टिम बसवायच्या कामात नव्याने उतरलेल्यांसाठी हे लिहितोय. ओहम म्हणजे काय, प्लस-मायनस उलटं लागलं की बास कसा गायब होतो, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. नसेल तर आधी टेबलावर चार जोडण्या करून बघा, भिंतीला कटर नंतर लावा.

या लाइनीत आलात की जो तो तुम्हाला वायरीवर ज्ञान देणार. कुठली घ्यायची, ऑक्सिजन-फ्री आहे का, आणि वायरीला दिशा असते असं छातीठोक सांगणारेही भेटतील, त्यांना हो म्हणा आणि कामाला लागा. खरं तर वायरीचा हिशोब पाच मिनिटांत होतो. जाऊन-येऊन वायरीचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत बसला की झालं. १.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीला किलोमीटरमागे साधारण १३ ओहम येतात, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला १५ मीटरपर्यंत (जाऊन-येऊन ३० मीटर, ०.४ ओहम) ती चालते. स्पीकर ४ ओहमचा असेल तर अंतर निम्मं. २.५ स्क्वेअर एमएमला किलोमीटरमागे ८ च ओहम, तिथे हेच आकडे २५ मीटर आणि साडेबारा मीटर होतात. मी भिंतीत सरसकट २.५ टाकतो, कारण पुढे स्पीकर कुठला येईल हे आज कोणीच सांगू शकत नाही.

फक्त वायर खरंच तांब्याची आहे ना ते बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्तात मिळते, रेझिस्टन्स दीडपटीहून जास्त आणि दोन-चारदा वाकवली की तार तुटते. एक तार ब्लेडने खरवडा. वरून लाल आणि आत पांढरं निघालं तर परत करा. वरून पांढरं आणि आत लाल असेल तर घाबरू नका, ते कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं असतं.

आता मुद्द्यावर येतो, आणि इथे मी जरा जास्तच बोलणार आहे कारण याच्यात मी चांगलाच भरडलो गेलोय. भिंतीत लपवायचा असतो तो रस्ता. वायर त्या रस्त्याने आत गेली पाहिजे आणि हवी तेव्हा बाहेरही आली पाहिजे. प्लास्टरमध्ये थेट गाडलेली वायर म्हणजे कायमची गेलेली वायर, हे बहुतेकांना कळतं म्हणून पाइप टाकतात, पण पाइप टाकला म्हणजे काम सुटलं असं वाटतं आणि तिथेच माती खातात. कारण झिरी (पाइपासाठी भिंतीत कापलेली खाच) मारणारा माणूस वेगळा, पाइप टाकणारा वेगळा आणि वायर ओढणारे तुम्ही. त्यांना कोपरा दिसला की ते एल्बो लावतात, पटकन बसतो आणि झिरी छोटी लागते. एल्बो म्हणजे चिमटीत मावेल एवढा काटकोन, वायर त्याच्या आतल्या कडेवर घासतच पुढे जाते.

एका कामात टीव्हीच्या मागून सोफ्याच्या मागच्या स्पीकरपर्यंत असाच पाइप होता, वाटेत चार एल्बो. वायर ओढताना हात सोलवटले पण गेली एकदाची, सगळे खूश. मग रंग झाला, फर्निचर आलं, आणि मग ॲम्प अधूनमधून प्रोटेक्शनमध्ये जायला, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडायला लागला. कधी तासभर नीट चालायचा, कधी लावल्या लावल्या बंद. सगळ्यांनी ॲम्पलाच दोष दिला, तो रिपेअरला जाऊन काही फॉल्ट नाही म्हणून परत आला. शेवटी वायरीची दोन्ही टोकं मोकळी करून मीटर लावला तर जिथे काहीच यायला नको तिथे बीप. एल्बोच्या कडेने दोन्ही कोअरचं (वायरीतल्या प्लस आणि मायनसच्या तारांचं) इन्शुलेशन सोललं होतं आणि आतली तार तारेला लागत होती. बरं, मग वायर बाहेर ओढून नवी टाकू म्हटलं तर ती हलेचना. ताज्या रंगाची भिंत पुन्हा फोडली, आणि त्या वेळी घरमालकाचा चेहरा कसा झाला असेल ते सांगायला नको.

हे का होतं ते नीट समजून घ्या, नुसतं पाठ करू नका. जड ओझं खाली सोडताना दोर खांबाला दोन वेढे देतात, मग एकटा माणूस ते आरामात धरतो कारण घर्षण वेढ्यागणिक गुणाकाराने वाढतं. पाइपात हेच तुमच्या विरुद्ध चालतं. प्रत्येक काटकोनात ओढायचा जोर अंदाजे दुप्पट होतो. एक बेंड दुप्पट, दोन चौपट, तीन आठपट आणि चारला सोळापट. म्हणून दोन बॉक्सांच्या (भिंतीतल्या, वायर ओढायला उघडता येणाऱ्या डब्यांच्या) मध्ये सगळे बेंड मिळून ३६० अंशांच्या वर कधीच जायचं नाही, ती कमाल मर्यादा आहे. माझी स्वतःची मर्यादा दोन काटकोन, तिसरा आला की मध्ये बॉक्स टाकायला लावतो, त्यावर कोरं झाकण बसतं आणि आठवड्यात कोणाच्या लक्षातही राहत नाही. एल्बोऐवजी मोठ्या गोलाईचे बेंड घ्या किंवा आत स्प्रिंग घालून पाइपच वाकवा. पाइप २५ एमएमचा घ्या, आतली जागा ४० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. कापलेल्या टोकाची धार आतून चाकूने मोडा. तोंडं टेपने बंद करा, नाहीतर प्लास्टरचा माल आत जाऊन दगड होतो. आणि वायर ओढताना सोबत एक नायलॉनची दोरी आत ठेवाच, पुढची वायर तिच्यावरच जाणार आहे. ओढताना एकाने मागून ढकलायचं, दुसऱ्याने पुढून ओढायचं, फार अडली तर टाल्कम पावडर. तेल-ग्रीस नको, इन्शुलेशन खराब होतं.

एवढं वाचून धसका घेऊ नका. पाइप नीट असेल तर वायर ओढणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे, दोन माणसं गप्पा मारत करतात.

शॉर्टकटचं विचाराल तर, वायरलेस स्पीकर घ्या म्हणणारे हमखास भेटतात. त्या स्पीकरला लाइटचा पॉइंट लागतो, म्हणजे भिंतीत वायर आलीच, ती पण २३० व्होल्टची. रंगाखाली चिकटवायची चपटी पट्टी मला अजिबात आवडत नाही, एक खिळा आणि खेळ खलास. व्हिडिओ बघून शिकायला हरकत नाही, पण त्यातल्या भिंती बहुतेक पोकळ असतात, वरून वायर सोडली की खाली येते. विटांच्या भिंतीत तसलं काही होत नाही. शिकायचंच असेल तर जुन्या वायरमनच्या हाताखाली राहा, आणि तो बरा की नाही हे ओळखायची माझी एकच खूण आहे: भिंतीला हात लावायच्या आधी तो विचारतो की सोफा कुठे येणार. स्पीकर बसणाऱ्याच्या हिशोबाने लागतात. पुढचे दोन, बसणाऱ्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून मोजून, दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांवर, मागचे ११० च्या आसपास. ज्याने हे विचारलं नाही तो बॉक्स कुठेही ठोकून मोकळा होणार.

लाइटच्या वायरी आणि स्पीकरची वायर एका पाइपात किंवा एका बॉक्समध्ये कधीही नको, तो जिवाशी खेळ आहे, आवाजाचं नंतर बघू. बाजूबाजूने न्यायचं तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचंच तर काटकोनात. सबवूफरची आरसीए केबल (ॲम्पकडून त्याला बारीक सिग्नल नेणारी) यात जास्त नाजूक, स्पीकरमधून हम् असा घुमणारा आवाज आला तर आधी तीच तपासा. झिऱ्या उभ्या किंवा आडव्याच मारा, तिरक्या नको, पुढे कोणी ड्रिल मारणार आहे. आडवी झिरी भिंतीच्या जाडीच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा खोल नको, आणि कॉलम-बीमला कटर लावायचाच नाही. प्लास्टरच्या आधी मोजायची टेप धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा.

पुट्टीच्या आधी टेस्ट. दोन्ही टोकं मोकळी: मीटरवर काहीच येता कामा नये. मग लांबचं टोक जोडून धरायचं, २.५ च्या १५ मीटर वायरीला पाव ओहमच्या जवळ आलं पाहिजे (मीटरच्या पिनांचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करून). शेवटी स्पीकर लावा, ॲम्पकडची टोकं मोकळी ठेवून त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. वूफरचा कोन बाहेर आला तर पोलॅरिटी बरोबर, आत गेला तर कुठेतरी उलटं आहे. कुठली वायर कुठल्या स्पीकरची हेही त्याच ‘टक’वरून कळतं. दोन्ही टोकांना नंबर लावा आणि रीडिंग बॉक्सच्या आत मार्करने लिहून ठेवा, कागदाची चिठ्ठी चिकटवली तर रंगारी ती हमखास फेकतो.