कुत्र्याला अचानक झटका (फिट) आला, तर या चुका टाळा

आमचा चिकू बीगल आहे. तो १४ महिन्यांचा असताना एका पहाटे पलंगाशेजारी काहीतरी धडधडतंय म्हणून जाग आली. दिवा लावला तर तो आडवा पडलेला, चारही पाय ताठ, आणि मग सायकल मारल्यासारखे हलायला लागले. तोंडाला फेस, खाली लघवी. डोळे टक्क उघडे, पण ओळख नाही. आदल्या संध्याकाळी हाच कुत्रा बागेत तासभर हुंदडून आला होता.

घाबरून आम्ही नेमकं जे करू नये तेच केलं. नवऱ्याने दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला, सासूबाई कांदा फोडून घेऊन आल्या, मी त्याला घट्ट आवळून धरलं. सगळं मायेपोटीच, पण त्यातल्या कशाचाच त्याला उपयोग नव्हता.

तोंडात हात घालू नका

झटक्यात कुत्रा जीभ गिळत नाही. जबडा मात्र करकचून आवळला जातो. शुद्ध नसलेला, एरवी अगदी गरीब कुत्राही त्या क्षणी कडाडून चावू शकतो आणि चमच्याने त्याचे दात तुटू शकतात. पाणी पाजलं तर ते फुफ्फुसात जाण्याची भीती. कांदा, चप्पल हुंगवून झटका थांबत नाही. तो बहुतेकदा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो, म्हणून त्याचं श्रेय कांद्याला मिळतं.

करायचं एवढंच: घड्याळ बघा. खुर्च्या-टेबल बाजूला सारा, जिना जवळ असेल तर त्या बाजूला आडवे बसा. टीव्ही बंद, दिवा मंद. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढावा. अशा वेळी चित्रीकरण करणं निष्ठुर वाटतं, मलाही वाटलं होतं, पण डॉक्टरांसमोर कुत्रा पोचतो तेव्हा तो शेपटी हलवत उभा असतो. त्यांना दाखवायला आपल्याकडे दुसरं काहीच नसतं.

५ मिनिटं उलटली आणि झटका थांबला नाही, किंवा २४ तासांत दुसरा आला, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. लांबलेल्या झटक्यात अंग भट्टीसारखं तापतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवा.

झटक्यानंतर काही कुत्रे आंधळ्यासारखे भिंतीला धडकतात, घरभर फेऱ्या मारतात, अधाशासारखं खायला बघतात. हे काही मिनिटं टिकतं, कधी दिवसभरही. पाय सावरेपर्यंत वाटी पुढे करू नका.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे विसरून चालणार नाही. कुत्र्याला रेबीजची लस नसेल, किंवा मधल्या काही महिन्यांत त्याला कुणी चावलं असेल आणि आता वागणं बदललंय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, तर त्याच्या तोंडाजवळ जाऊच नका. जखमेला लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच माणसांच्या दवाखान्यात जा.

दिसेल त्याला फिट म्हणू नका

ही चूक सुशिक्षित घरांतही होते. झोपेत पाय हलवणारा, बारीक भुंकणारा कुत्रा हाक मारली की जागा होतो, ते स्वप्न. खेळता खेळता एकदम लुळा पडला आणि काही सेकंदांत उठून पुन्हा धावायला लागला, तर आधी हृदय तपासून घ्या, ती चक्कर असू शकते. मान एका बाजूला कललेली, बुबुळं सारखी हलताहेत, चालताना तोल जातोय, हे कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचं दुखणं असू शकतं. काही कुत्र्यांचे पाय आखडतात, पण ते पूर्ण शुद्धीत असतात, आपल्याकडे बघत असतात आणि नंतर गोंधळलेले नसतात. त्याचे उपचार वेगळे. उलट, कुठेही माशी नसताना हवेत माशा पकडल्यासारखं करणं हा एका भागापुरता झटका असू शकतो, आणि आपण ते खेळ म्हणून हसून सोडून देतो.

म्हणून वही ठेवा. तारीख, वेळ, किती मिनिटं, झोपेत की जागेपणी, जेवणाआधी की नंतर, त्या दिवशी नवीन काय दिलं. जेवणानंतर तासा-दोन तासांनी पिल्लू भ्रमिष्टासारखं वागतंय हे एका बाईंच्या वहीतूनच लक्षात आलं; यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी निघाली.

कारण शोधायच्या आधीच 'एपिलेप्सी' ठरवू नका

२०१५ साली आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकांच्या गटाने एपिलेप्सी, म्हणजे पुन्हा पुन्हा झटके येण्याचा मेंदूचा आजार, ओळखायचे निकष मांडले: पहिला झटका ६ महिने ते ६ वर्षं या वयात, किमान २४ तासांच्या अंतराने दोन झटके, मधल्या काळात तपासणी सामान्य, आणि रक्त-लघवीत दोष नाही. एमआरआय आणि पाठीच्या पाण्याची तपासणी ही त्यापुढची पायरी. बीगल, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांच्यात हा आजार आनुवंशिकही असतो.

पण त्याआधी घर तपासा. उंदराचं औषध, शुगर-फ्री च्युइंगम, चॉकलेट, शेतातलं कीटकनाशक. गोचिडांसाठी गुरांचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणं सर्रास चालतं, आणि त्यातून थरथर, झटके येऊ शकतात. गोचीड-पिसवांच्या काही चघळायच्या गोळ्यांबाबतही अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये झटक्यांची सूचना दिली होती. बहुतेक कुत्र्यांना त्या सोसतात, पण झटक्याचा इतिहास असेल तर गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. लसीकरण अर्धवट राहिलेल्या पिल्लात डिस्टेंपर हा विषाणूचा आजार, छोट्या जातीच्या उपाशी पिल्लात साखर उतरणं, हेही डोक्यात असू द्या.

बरं वाटलं म्हणून गोळी थांबवू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. झटके आटोक्यात ठेवणारी फिनोबार्बिटोनची गोळी बहुधा दर १२ तासांनी असते. एकदम बंद केली तर आधीपेक्षा मोठा झटका येऊ शकतो. सुरुवातीचे दोनेक आठवडे कुत्रा डुलतो, तहान-भूक वाढते, सारखी लघवी होते. हे बघून "गोळीने कुत्रा बिघडला" म्हणत लोक औषध सोडतात. शेजाऱ्याच्या कुत्र्याचा डोस आपल्या कुत्र्याला द्यायचा नाही. रक्तातलं औषधाचं प्रमाण आणि यकृत ठरलेल्या वेळी तपासून घ्यायचं. अनेक कुत्र्यांचे झटके पूर्ण थांबत नाहीत, फक्त विरळ होतात. डॉक्टर त्यालाही यश म्हणतात, आणि वहीत दोन नोंदींमधलं अंतर वाढताना दिसलं की आपल्यालाही ते पटतं.

ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, चिठ्ठीशिवाय तर नाहीच, आणि दिवाळीत दुकानं बंद असतात. पट्टीत १४ गोळ्या उरल्या की आम्ही चिठ्ठी घेऊन निघतो.