संडे स्कूलची हस्तकला: या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीतली बायबल शाळा असो की रविवारचा पाऊण तास, आपली, म्हणजे चर्चच्या मुलांना बायबलच्या गोष्टी शिकवणाऱ्या टीचरांची, तयारी बहुतेक वेळा उलटी होते. आधी मोबाइलवर नमुना शोधायचा, झेरॉक्स काढायच्या आणि शनिवारी रात्री झोपता झोपता बायबलचा उतारा चाळायचा. मीही कित्येक वर्षं हेच केलं, म्हणून सांगते: आधी उतारा, मग कात्री.

योना संदेष्ट्याला गिळणारा शास्त्रात ‘मोठा मासा’ आहे, पण आपण देवमासाच कापतो. एदेन बागेतल्या फळाचं नाव शास्त्रात कुठेच नाही, तरी सफरचंद आलंच. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, तिघं होते असं बायबलमध्ये मत्तय लिहीत नाही. भेटवस्तू तीन होत्या, आणि ते आले ते ‘घरात’, गोठ्यात नाही. आता मी असं चुकांचं चित्र मुद्दाम फळ्यावर काढते आणि मुलांना उतारा वाचून माझ्या चुका पकडायला लावते. टीचरची चूक काढायची म्हटल्यावर कुणीही झोपत नाही.

जलप्रलयातून वाचवणाऱ्या नोहाच्या तारवाचं (मोठ्या जहाजाचं) तर आपण पार खेळणं करून टाकलंय. कागदी होडी, तीतून मान काढलेला जिराफ, झालं. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मापं दिली आहेत: ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. म्हणजे लांबी सुमारे १३५ मीटर! एकदा होडी बाजूला ठेवून सुतळीचा गुंडा घेतला, दर दहा हातांवर गाठ मारली आणि वर्ग आवारात नेला. पहिल्याच गाठीला भांडण. सात वर्षांचा एक जण म्हणाला, “टीचर, माझा हात धरला तर तारू छोटं होईल ना?” मग सगळ्यांनी भिंतीला हात लावून मापं घेतली आणि सर्वात उंच दादाचा हात ठरला. एकशे दहाव्या हाताला कुंपण आडवं आलं. उरलेलं तारू रस्त्यापलीकडे किराणा दुकानाच्याही पुढे जाईल, हा हिशेब मुलांनीच केला.

नाटुकलीत पात्रं वाटताना जरा जपून. येशूला पाहायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय ठेंगणा होता म्हणून वर्गातलं सर्वात बुटकं मूल उंबरावर चढवायचं, दाविदाशी लढलेला धिप्पाड गल्याथ म्हणून जाड्या मुलाला उभं करायचं, हे आपण हसत हसत करतो. ते मूल मात्र पुढच्या रविवारी येत नाही. चिठ्ठ्या टाका. आणि गर्दीलाही काम द्या. जक्कयाला वाट न देणारी माणसं काय कुजबुजत असतील, हे सहा-सहांच्या गटांनी ठरवावं. आमच्याकडे सगळ्यात खरे संवाद गर्दीचेच निघाले, कारण जकातदारावरचा राग मुलांना लगेच कळतो.

चेहरे रंगवतानाही छापील नमुन्यातले निळे डोळे आणि सोनेरी केसच का? गोव्याचे चित्रकार अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम करत. त्यांची मरिया साडी नेसलेली आहे. एखादं चित्र मुलांना दाखवा आणि गप्प बसा.

“हे काय काढलंस?” असं विचारू नका. “यात काय चाललंय, सांग” म्हणा. आणि मुलाचं चित्र स्वतःच्या हाताने ‘नीट’ करू नका. घरी गेल्यावर आईला ते टीचरचं म्हणूनच दाखवलं जातं.

बाकी किरकोळ. पाच वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलांना एकच कात्रीकाम देऊ नका. फेविकॉल शेवटच्या पाच मिनिटांत काढला तर प्रार्थनेत जोडलेले हात खरोखरच चिकटतात. आणि कागदाच्या मागे नाव आधी लिहून घ्या. गेल्या वर्षी एका माशावर तिघांनी हक्क सांगितला होता.