वारशाने आलेली प्राणिचित्रे: चौकट उघडण्यापूर्वीची तयारी

दोन पिढ्या भिंतीवर टांगलेली वाघ, गेंडा, बगळा, माकड अशी चौकटबंद छापचित्रे आपल्या वाट्याला आली की काच पुसून आणि चौकट बदलून ती उजळ करण्याचा मोह होतो. तो मला आवरला नव्हता. चवथीपूर्वीच्या साफसफाईत, म्हणजे ऐन श्रावणात, आजोबांच्या खोलीतील चार चित्रे मी फ्रेमवाल्याकडे नेली आणि 'मागचे सगळे नवे घाला' असे सांगून मोकळा झालो. आठ दिवसांनी चित्रे परत आली, पण जुने पुठ्ठे कचऱ्यात गेले होते. त्यांपैकी एकावर शाईने लिहिलेल्या पोर्तुगीज ओळी होत्या, इतके आईला आठवते. काय लिहिले होते, ते आता कोणीच सांगू शकत नाही. त्यात फ्रेमवाल्याचा दोष नाही, कारण मी सांगितले तेच त्याने केले. यंदा मावशीच्या फोंड्याच्या घरातील सहा चित्रे माझ्याकडे यायची आहेत, म्हणून ही तयारी लिहून ठेवतो आहे.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच काढावे. पावसाळ्यात आपल्याकडे गोव्यात कागद ओल धरून फुगतो, काचेला चिकटतो, आणि तशा अवस्थेत चौकट उघडली तर चित्राचा रंग काचेवरच राहून जातो. स्वच्छ टेबल, धुतलेली चादर, कोरडे हात, एवढे पुरे. हातमोजे नसले तरी चालतील. हाताला तेल मात्र नको.

चित्र उतरवल्यावर ते प्रथम उपडे करावे आणि मागच्या बाजूचा फोटो घ्यावा. एक फोटो संपूर्ण पाठीचा, मग प्रत्येक कोपऱ्याचा, मग लेबल, शिक्का, आकडा, पेन्सिलीची खूण, खिळ्यांची छिद्रे आणि चिकटवलेला जुना वर्तमानपत्राचा कागद यांचा वेगवेगळा, दिवसाच्या तिरप्या उजेडात. पुसट शाई समोरून दिसत नाही, बाजूने पडलेल्या उजेडात कधीकधी दिसते. हे झाल्याशिवाय पाठीची एकही चूक, म्हणजे बारीक खिळा, उपटू नये. पाठीवर 'नोव्हा गोवा' असे छापलेले लेबल असेल, तर ते लेबल १८४३ नंतरचे, कारण पणजीला ते नाव राजधानी म्हणून त्या वर्षी मिळाले. अर्थात त्यावरून वय कळते ते चौकटीचे. चित्र त्याहून बरेच जुने असू शकते, किंवा जुन्या चौकटीत कोणी नंतर नवे चित्रही बसवलेले असू शकते. तरीही चित्र कोणत्या घरातून कोणत्या घरात आले याचा माग बहुधा याच बाजूवर असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे फोटो आधी दाखवावेत आणि त्यांचे बोलणे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

आता ओळख. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडचे चालते. रंगीत भागावर भिंग धरल्यावर सारख्या अंतरावरचे, फुलासारखे गुंफलेले ठिपके दिसले, तर ती अलीकडची यांत्रिक छपाई आहे आणि पुढचा बराच उत्साह वाचतो. ठिपके नसून धारदार रेघा दिसल्या, तर ते कोरीव पत्र्याचे काम असू शकते. तांब्याचा किंवा पोलादाचा पत्रा ओल्या कागदावर प्रचंड दाबाने छापला जातो, त्यामुळे चित्राभोवती चौकोनी खोलगट कड उमटते आणि बोटाने हलकेच चाचपली तर ती जाणवते. मात्र नकली चित्रांवरही अशी कड मुद्दाम दाबलेली असते, आणि अस्सल चित्राची कड कधी कोणी कापून टाकलेली असते, तेव्हा केवळ तिच्या भरवशावर निकाल देऊ नये. शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापण्याची, कला जर्मनीतील सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शोधली. तिच्यात पत्र्याची कड नसते आणि भिंगाखाली खडूने ओढल्यासारखे कण दिसतात. हाताने भरलेला रंग रेघेबाहेर सांडलेला दिसतो, आणि तो पाण्यात विरघळतो, हे पुढे लक्षात ठेवावे.

चित्राखालची बारीक अक्षरे वाचावीत. लॅटिनमधील 'देल' म्हणजे मूळ चित्र काढणारा आणि 'स्कुल्प' म्हणजे पत्रा कोरणारा. इंग्लंडमध्ये १७३५ च्या कायद्याने कोरीव चित्रांवर मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख घालावी लागे, म्हणून इंग्रजी चित्रांवर ती ओळ पुष्कळदा सापडते. वरच्या कोपऱ्यात खंड किंवा पानाचा आकडा असेल, तर ते पान पुस्तकातून काढलेले आहे. लहान आकाराचे, पोलादी पत्र्याचे, प्राण्याला रंग आणि मागचा देखावा बिनरंगी असे चित्र असेल, तर १८३३ ते १८४३ या काळात विल्यम जार्डिन यांनी संपादित केलेल्या चाळीस खंडांच्या प्राणिग्रंथमालेतील पानांशी ताडून पाहावे.

गेंड्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण गोव्यात गेंड्याचे चित्र निघाले की 'हा आपलाच गेंडा' असे कोणीतरी म्हणतेच. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून पाठवला, तो मे महिन्यात लिस्बनला पोचला, आणि प्रत्यक्ष न पाहता केवळ वर्णन व रेखाटन यांवरून जर्मन चित्रकार ड्यूररने त्याच वर्षी त्याचा लाकडी ठसा केला. तो ठसा पुढे दोन शतकांहून अधिक काळ नकलला गेला. चिलखतासारखी कातडी आणि खांद्यापाशी पाठीवर उगवलेले एक छोटे, पिळदार, मुळात नसलेलेच शिंग दिसले, तर चित्र त्या परंपरेतले आहे. १७४१ मध्ये युरोपात नेलेल्या क्लारा नावाच्या गेंडिणीला चित्रकारांनी डोळ्यांनी पाहिले आणि मग ते शिंग हळूहळू नाहीसे झाले. तेव्हा आपल्याकडे असलेला गेंडा बहुधा नकलेची नक्कल असतो, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

चौकट उघडण्यापूर्वी पुन्हा विचारतो: मागच्या बाजूचे फोटो घेतले का? घेतले नसतील तर येथेच थांबावे.

कागद काचेला चिकटला असेल, तर तो ओढू नये, वाफ देऊ नये, पाणी लावू नये. चौकट तशीच बंद करून ती संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला-संवर्धन केंद्र आहे, तेथे चौकशी करता येते. तपकिरी ठिपके ब्लीचने घालवण्याचे घरगुती उपाय कोणी सांगितले तर हसून विषय बदलावा. फाटलेल्या ठिकाणी सेलोटेप मुळीच नको, कारण तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो; जाणकार जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. कडा कापू नयेत. लॅमिनेशन, इस्त्री, डांबराच्या गोळ्या, काही नको.

फ्रेमवाल्याला तोंडी सांगून भागत नाही, चिठ्ठी द्यावी, आणि तिच्यात पहिली ओळ अशी लिहावी: 'जुने पुठ्ठे, लेबले आणि कागद परत हवेत, काही फेकू नये.' हीच ओळ पाकिटावरही लिहावी आणि शक्य असल्यास समोर बसून काम करून घ्यावे. नवा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी, आणि पाठीचा पुठ्ठा आम्लमुक्त घ्यावा. लगद्याचा साधा पुठ्ठा, हार्डबोर्ड किंवा प्लायवूड यांमुळे कागद तपकिरी पडतो. काच आणि चित्र यांच्यात माउंटची फट हवीच. जुन्या पुठ्ठ्यावर लिहिलेले असेल, तर तो चित्राला लागून न ठेवता वेगळ्या आम्लमुक्त पाकिटात ठेवावा. फेकू नये, एवढेच पुन्हा सांगतो.

टांगणे: चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पावसाच्या माऱ्याच्या बाजूला, नको, आतल्या भिंतीवर, उन्हापासून दूर, आणि मागे बुचाचे छोटे तुकडे लावून, म्हणजे हवा खेळते. आर्द्रतामापक लावावा, आकडा ६५ टक्क्यांवर रेंगाळू लागला की बुरशीची वेळ आली असे समजावे. कसर आणि वाळवी यांसाठी वर्षातून दोनदा मागून पाहावे. काच पुसताना फवारा कापडावर मारावा, काचेवर नव्हे.

परदेशातील भावंडाला एखादे चित्र द्यायचे असेल, तर शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आधी विचारावे. विमा, मोजमाप आणि नोंदवही ही कामे आपापल्या सवडीने करावीत. नवी पाठ बसली की तिच्यावर पेन्सिलीने चित्र कोणाकडून आले ते नाव आणि तारीख लिहावी, आणि मग तिचाही फोटो घ्यावा.