बास्केटबॉलचा बूट कोर्टवर कसा पारखावा

दुकानातल्या गालिच्यावर चार पावलं चाललं की कुठलाही बूट चांगलाच वाटतो. बास्केटबॉलमध्ये पायाची खरी परीक्षा होते ती धावता धावता एकदम थांबताना आणि आडवं सरकताना, आणि या दोन्ही गोष्टी दुकानात करून बघता येत नाहीत. त्यामुळे बूट पारखताना आधी पकड बघावी, मग पाय आत किती पक्का बसतो ते, आणि मऊपणाचा विचार त्यानंतर. बहुतेक मुलं हा क्रम उलटा लावतात आणि पैसे वाया जातात.

आधी हातात घेऊन

एका हातात टाच, दुसऱ्या हातात पुढचा भाग धरून ओलं फडकं पिळतात तसा बूट पिळून बघा. मधला भाग सहज पिळला गेला, तर आतली कडक पट्टी, म्हणजे शँक, कमजोर आहे. मग वाकवून बघा. बूट चवड्यापाशी, बोटं जिथून दुमडतात तिथेच वाकला पाहिजे. टाचेमागची वाटी अंगठ्याने दाबली तर दबता कामा नये.

आता सोल बघा. पुढच्या भागात बाहेरच्या कडेला सोल थोडा रुंद केलेला दिसला तर चांगलं. त्याला आउटरिगर म्हणतात. जोरात कट मारताना, म्हणजे धावता धावता एकदम दिशा बदलताना, पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडू नये म्हणून तो असतो. नक्षीमध्ये नागमोडी खाचांची, म्हणजे हेरिंगबोन नक्षी मला अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते. आरपार दिसणारं रबर देखणं असतं, पण त्यातले बरेचसे सोल धूळ ओढून घेतात. सिमेंटवर खेळणार असाल तर रबर जाड आणि खाचा खोल हव्यात. हॉलमधल्या लाकडी कोर्टसाठी केलेलं मऊ रबर सिमेंटवर बघता बघता झिजतं.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. मोजे खेळताना घालता तेच हवेत. उभं राहिल्यावर सर्वात लांब बोटापुढे जेमतेम बोटाच्या रुंदीएवढी जागा उरावी. वापरलेला बूट दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणून ही तपासणी पैसे देण्याआधीच उरका.

पहिल्या दिवशी निकाल नको

नव्या सोलवर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो आणि फोमही कडक असतो. एक-दोन दिवस नुसता नेहमीचा सराव करा. चाचणी त्यानंतर.

पकड

इथे घाई करू नका. ज्या कोर्टवर रोज खेळता तिथेच बघा. शाळेचं सिमेंटचं कोर्ट, अ‍ॅक्रिलिक रंग दिलेलं कोर्ट, प्लॅस्टिकच्या टाइल्स आणि हॉलमधलं लाकूड या प्रत्येकावर तोच बूट वेगळा वागतो. एका ठिकाणचा निकाल दुसरीकडे लावता येत नाही.

बेसलाइनवरून, म्हणजे बास्केटमागच्या शेवटच्या रेषेवरून, पूर्ण वेगात सुटा आणि फ्री थ्रो लाइनवर, म्हणजे 5.8 मीटरवर, जंप स्टॉप घ्या, म्हणजे छोटी उडी घेऊन दोन्ही पाय एकदम टेकवून थांबा. असं पाच वेळा, सोल न पुसता. बाजूने कुणाला तरी मोबाइलवर पायांचा व्हिडिओ घ्यायला सांगा, कारण वेगात असताना थोडंसं सरकणं आपल्याला कळत नाही. मग तळहाताने सोल पुसून पुन्हा पाच वेळा. पुसल्यावर खूप फरक पडला, तर बूट धुळीला कच्चा आहे. आपल्याकडची बहुतेक कोर्टं उघड्यावर आहेत. तिथे हा दोष सगळ्यात महाग पडतो.

दुसरी चाचणी पेंटमध्ये, म्हणजे बास्केटसमोर आखलेल्या चौकटीत. त्याची रुंदी 4.9 मीटर असते. या रेषेपासून त्या रेषेपर्यंत 30 सेकंद डिफेन्सिव्ह स्लाइड करा, म्हणजे कंबर खाली ठेवून, पाय एकमेकांवरून न नेता आडवं सरका. दिशा बदलताना सगळं लक्ष बाहेरच्या पायावर हवं. सोल जमिनीवर सरकतोय, की सोल जागेवर आहे आणि पाय आतल्या आत सरकतोय? खेळाडू दोन्हीला ‘घसरतंय’ असंच म्हणतात, पण पहिला दोष रबराचा आहे आणि दुसरा मापाचा किंवा वरच्या कापडाचा. पाय आत सरकत असेल तर लेस अगदी शेवटच्या भोकापर्यंत ओढून पुन्हा करून बघा. तरीही करंगळी कडेवर आदळत असेल, तर तो बूट तुमचा नाही.

हेच सगळं त्याच दिवशी, त्याच जागी जुने बूट घालून करा. तुलनेशिवाय ‘चांगली ग्रिप’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. एका पायात नवा आणि दुसऱ्यात जुना मात्र घालू नका. सोलची उंची वेगळी असते आणि पाय मुरगळू शकतो.

पाय पक्का बसतो का

20 फेब्रुवारी 2019 रोजी अमेरिकेत ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांच्या सामन्यात पहिल्याच मिनिटात ड्यूकच्या झायन विल्यमसनचा डावा बूट फाटला, पाऊल बाहेर आलं आणि गुडघा दुखावला. त्याचं नोंदलेलं वजन सुमारे 129 किलो होतं. म्हणून दुसऱ्याचं मत ऐकताना त्याचं वजन आणि तो कुठल्या जागेवर खेळतो हे आधी विचारा. 60 किलोच्या गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या चपळ खेळाडूला, घट्ट वाटणारं विणलेलं कापड 95 किलोच्या सेंटरखाली, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या धिप्पाड खेळाडूखाली, ताणलं जातं.

उंच बूट घोटा वाचवतो, हा समज घट्ट रुजलेला आहे. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 622 कॉलेज खेळाडूंना उंच आणि बुटके बूट वाटून दिले होते. घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे एनबीए या अमेरिकी लीगमधला नामवंत खेळाडू कोबी ब्रायंट बुटक्या बुटांत खेळला. आधार बघायचा तो टाचेच्या वाटीत आणि सोलच्या रुंदीत.

मऊपणा, तोही दमल्यावर

ताज्या पायांनी घेतलेली परीक्षा फसवते. तासभर खेळून झाल्यावर सलग दहा रिबाउंड घ्या, म्हणजे बास्केटवरून उसळलेला चेंडू उडी मारून पकडा. टाच खाली येताना ‘ठक्’ लागली, तर फोम तळाला टेकतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच, नडगी आणि गुडघे कसे आहेत ते लिहून ठेवा. अति मऊ बुटात पहिलं पाऊल उशिरा पडतं. गार्डने थोडा कडक बूट सोसावा, पण जमिनीचा अंदाज सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. रोज उड्या मारणाऱ्या जाड अंगाच्या खेळाडूचं गणित वेगळं. त्याने टाचेखाली जास्त फोम घ्यावा.

हवा खेळते का हेही बघा, विशेषतः कोकणपट्टीच्या दमट हवेत. घामाने ओल्या इनसोलवर पाय सरकतो.

झीज

पहिल्या दिवशी सोलचा फोटो काढा आणि दर पंधरवड्याला त्याच कोनातून पुन्हा. अंगठ्याच्या मुळाखालची नक्षी सहसा सगळ्यात आधी जाते. ती सपाट दिसू लागली की पेंटमधली 30 सेकंदांची स्लाइड पुन्हा करा. पाय सरकला तर तो जोड सामन्यांतून काढा आणि एकट्याने करायच्या शूटिंगच्या सरावाला ठेवा.